कराचीची धूळ कल्याणला: लांबून आलेली धूळ ओळखायची कशी?

23 जानेवारी 2022, रविवार. मुंबई, ठाणे, कल्याण, पालघर, सगळीकडे सकाळपासून पांढुरकं आकाश. धुकं म्हणावं तर दुपार झाली तरी हटेना. आदल्या रात्री हलकासा पाऊस पडून गेलेला, त्यामुळे उघड्यावरच्या गाड्यांवर पावडर सांडल्यासारखे पांढरट ठिपके. दिवसाचं तापमान 24 अंशांच्या आसपासच अडकलं. मुंबईचा हवा गुणवत्ता निर्देशांक 300 च्या पुढे, म्हणजे ‘अतिवाईट’ श्रेणीत गेला. एरवी पाऊस पडला की हवा धुऊन निघते; इथे उलटंच झालं होतं.

कारण होतं साधारण 900 किलोमीटरवर. आदल्या दिवशी कराची आणि सिंधच्या किनाऱ्यावर धुळीचं वादळ झालं होतं. ती धूळ अरबी समुद्रावरून सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर आली आणि तिथून खाली मुंबईकडे.

त्यानंतर आमच्या भागात एक सोय झाली. आंबिवली, शहाड, टिटवाळा पट्ट्यात हवा खराब झाली की कुणीतरी म्हणतंच, “अहो, ती राजस्थानची धूळ.” कधी पाकिस्तानची, कधी दुबईची. काही वेळा ते खरं असतं. पण इथे वीटभट्ट्या आहेत, खडीक्रशर आहेत, जागोजागी टॉवर उभे राहतायत, रस्ते खणलेले आहेत. धूळ बाहेरची ठरली की घरच्या धुळीबद्दल कुणी विचारत नाही. म्हणून ‘आज हवेत असलेली धूळ नक्की कुठली?’ हा प्रश्न वाटतो तेवढा निरुपद्रवी नाही, आणि संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी तो फार चांगला सराव आहे. पुरावा कशाला म्हणायचं, हे तो शिकवतो.

आधी धूळ उडते कशी ते बघू

वारा सुटला की सगळ्यात बारीक कण आधी उडतील असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. अगदी बारीक कण एकमेकांना आणि जमिनीला घट्ट चिकटलेले असतात, वारा त्यांना सहजासहजी सोडवू शकत नाही. आधी हलतात ते मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे, म्हणजे साधारण 100 मायक्रॉनचे वाळूचे कण. ते थोडे वर उचलले जातात, पुढे जाऊन जमिनीवर आपटतात, पुन्हा उडी मारतात. या उड्यांना साल्टेशन म्हणतात. राल्फ बॅगनॉल्ड या ब्रिटिश लष्करी अभियंत्याने लिबियाच्या वाळवंटात हिंडून आणि मग प्रयोगशाळेत वाऱ्याचा बोगदा बांधून याचा अभ्यास केला. त्याचं 1941 चं पुस्तक या विषयात आजही संदर्भाला घेतात.

कॅरमचा स्ट्रायकर सोंगट्यांच्या चळतीवर आपटला की सोंगट्या फुटून पसरतात, तसे हे उड्या मारणारे कण जमिनीवर आपटून चिकटलेली बारीक धूळ मोकळी करतात. मोकळी झालेली ही धूळ वाऱ्याबरोबर वर जाते. वाळू मात्र तिथेच राहते. त्यामुळे ‘वाळवंटातली वाळू मुंबईत आली’ हे वाक्य चूक आहे. वाळू येत नाही, धूळ येते.

पुढचं काम खळ्यावरच्या उपणणीसारखं. उंचावरून धान्य सोडलं की दाणे पायाशी पडतात आणि भुसा वाऱ्यासोबत लांब जातो. हवासुद्धा कणांची अशीच उपणणी करते. स्टोक्सचा नियम बीएस्सीला केला असेल तर हा हिशोब स्वतः करून बघा. क्वार्ट्झचा 10 मायक्रॉनचा कण स्थिर हवेत सेकंदाला साधारण 0.8 सेंटिमीटर वेगाने खाली येतो. एक किलोमीटर उंचीवरून जमिनीवर यायला त्याला सुमारे 35 तास लागतील. 100 मायक्रॉनच्या कणाला अर्धा तास पुरतो (तिथे स्टोक्सचा नियम नीट लागू पडत नाही, पण अंदाजाला चालेल). आणि 2 मायक्रॉनच्या कणाला महिन्याहून जास्त लागेल, अर्थात तोवर पाऊस त्याला धुऊन टाकतोच.

आता वारा ताशी 40 किलोमीटर धरा. अर्ध्या तासात 20 किलोमीटर, 35 तासांत 1400. कराची ते मुंबई 900 किलोमीटरला 22 ते 23 तास. 22 तारखेला तिकडे उडालेली धूळ 23 तारखेला इकडे, आणि तीही 10 मायक्रॉनपर्यंतचे कण घेऊन. हवेत वरखाली झोत असतात, म्हणून हा हिशोब ढोबळच आहे. पण आकडे जुळतात की नाही हे पाठपोट कागदावर आधी बघावं, मॉडेल नंतर चालवावं.

येते कुठून आणि कधी

पश्चिम भारतापर्यंत धूळ पाठवणारे पत्ते ठरलेले आहेत: थरचं वाळवंट, सिंध आणि मकरानचा किनारा, इराण-अफगाणिस्तान सीमेवरचं सिस्तानचं खोरं, अरबस्तान आणि त्याच्या वर इराक-कुवेतचा सपाट मुलूख. सिस्तानात उन्हाळ्यात महिनोन्‌महिने जोरदार उत्तरी वारे वाहतात, त्यांना ‘120 दिवसांचे वारे’ असंच नाव आहे. इराककडून आखातात येणाऱ्या वायव्येच्या वाऱ्याला शमाल म्हणतात. मार्च 2012 मध्ये आणि एप्रिल 2015 च्या सुरुवातीला आखाती भागातल्या मोठ्या वादळांची धूळ अरबी समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्यापर्यंत आली होती.

थरबद्दल एक गैरसमज आहे. उन्हाळ्यात थरची धूळ मुख्यतः पश्चिमेच्या वाऱ्यांबरोबर दिल्ली आणि गंगेच्या मैदानाकडे जाते. कोकणाकडे धूळ यायला वायव्येचा जोरदार वारा लागतो, आणि तो बऱ्याचदा पश्चिमी विक्षोभ उत्तरेकडून सरकून गेल्यावर त्याच्या पाठोपाठ मिळतो. जानेवारी 2022 मध्ये हेच झालं. थंड, जड हवा जमिनीलगत पुढे सरकत होती आणि धूळ तिच्यासोबत खालच्या थरातच होती. म्हणून ती आपल्या नाकापर्यंत पोचली.

एप्रिल-मे नंतरचं चित्र वेगळं असतं. अरबस्तानची धूळ समुद्रावरून येताना बऱ्याचदा एक ते चार किलोमीटर उंचीवर तरंगत असते. खाली समुद्रावरची दमट हवा, वर धूळ. उपग्रहाच्या चित्रात समुद्र पिवळसर दिसतो, बातम्या येतात, आणि कल्याणच्या यंत्रात काहीच हालत नाही! उपग्रह वरून खालपर्यंतच्या सगळ्या हवेची बेरीज बघतो. आपण श्वास घेतो तो खालच्या दोन मीटरांत. शोधनिबंध वाचताना ‘एरोसॉल ऑप्टिकल डेप्थ वाढली’ आणि ‘हवा खराब झाली’ ही दोन वाक्यं एकच समजू नका.

(वरची ही धूळ निरुपयोगी नसते. 2014 मध्ये ‘नेचर जिओसायन्स’मध्ये व्ही. विनोज आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की पश्चिम आशियावरची धूळ ऊन शोषून हवा तापवते, आणि त्यामुळे आठवड्याभरात मध्य भारतातला पाऊस वाढू शकतो. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

आता पुरावा

सुरुवात करा जमिनीवरच्या आकड्यांपासून. कल्याणला खडकपाड्यात आणि ठाण्याला पिंपळेश्वर मंदिराजवळ महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्वयंचलित केंद्रं आहेत. त्यांची मोजणी केंद्रीय मंडळाच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट उतरवून घेता येते. त्यात निर्देशांक बघू नका, मूळ आकडे बघा. आपला निर्देशांक म्हणजे वेगवेगळ्या प्रदूषकांच्या उपनिर्देशांकांतला सगळ्यात मोठा. पीएम 10 चोवीस तासांत 360 मायक्रोग्रॅम असेल तरी निर्देशांक 300 च्या थोडा वर, आणि पीएम 2.5 130 असेल तरी तेवढाच. पहिला दिवस धुळीचा असू शकतो, दुसरा धुराचा. निर्देशांकात दोघं सारखेच दिसतात.

म्हणून पीएम 2.5 ला पीएम 10 ने भागा. शहरातल्या हिवाळ्यात हे गुणोत्तर साधारण अर्ध्याच्या आसपास किंवा वर असतं, कारण धुराचे कण बारीक असतात. धूळ आली की जाडे कण वाढतात आणि गुणोत्तर 0.3 कडे किंवा त्याच्याही खाली घसरतं.

बहुतेक एमएस्सीचे प्रकल्प इथेच थांबतात: ‘गुणोत्तर घसरलं, म्हणजे वाळवंटी धूळ.’ पण रस्त्यावरची धूळसुद्धा जाडीच असते, बांधकामाचीही. गुणोत्तर फक्त एवढंच सांगतं की धूळ आहे. कुठली आहे, ते सांगत नाही.

ते बघायला वेळ आणि जागा हवी. स्थानिक धुळीला दिनक्रम असतो: डंपर सुरू झाले की वाढते, पहाटे तीनला कमी होते, रविवारी थोडी बसते. बाहेरून आलेली धूळ घड्याळ बघत नाही. ती रात्री दोनलाही चढलेलीच असते. आणि ती एकट्या कल्याणात चढत नाही. कुलाबा, ठाणे, खडकपाडा, सगळीकडे काही तासांच्या अंतराने पीएम 10 चा आलेख एकाच आकाराने वर गेला पाहिजे. आंबिवलीच्या वीटभट्टीने कुलाब्याचा आकडा वाढत नाही. सगळ्या केंद्रांचे आलेख एकाखाली एक ठेवा. चढाचा जो भाग सगळ्यांत सामाईक आहे तो बाहेरचा असण्याची शक्यता, आणि एकाच केंद्रावर जो जास्तीचा उंचवटा उरतो तो तिथला स्वतःचा.

याच कसोटीवर 13 मे 2024 ची संध्याकाळ लावून बघा. त्या दिवशी बदलापूर, कल्याण, ठाणे, मुंबई सगळीकडे धुळीची भिंत आली, घाटकोपरला जाहिरातीचा फलक पेट्रोल पंपावर कोसळून 17 जण गेले. बघणाऱ्याला ते वाळवंटी वादळच वाटावं. पण ती धूळ इथलीच होती. वळवाच्या ढगातून खाली आदळलेली थंड हवा जमिनीवर पसरताना वाटेतली सगळी मोकळी माती घेऊन आली. आली तशी तास-दोन तासांत बसली. समुद्रावर तिचा लांबलचक पट्टा नव्हता, आधी गुजरातमध्ये काही चढलं नव्हतं.

एक व्यवहारातली गोष्ट. अशा दिवसांचे आकडे उतरवलेत आणि मधेच रिकाम्या रांगा दिसल्या, किंवा आकडा 1000 च्या जवळ जाऊन सपाट झाला, तर ते हवेचं वागणं समजू नका. बऱ्याच यंत्रांची वरची मर्यादाच तेवढी असते, आणि वादळात वीजही जाते.

कसारा लोकल आणि बॅक ट्रॅजेक्टरी

दुसरा आवडता पुरावा म्हणजे हायस्प्लिट. अमेरिकेच्या नोआ या संस्थेचं हे मॉडेल संकेतस्थळावर फुकट चालवता येतं. कल्याणचे अक्षांश-रेखांश टाका, तारीख द्या, आणि इथली हवा गेल्या तीन-चार दिवसांत कुठून कुठून आली याची रेषा मिळते. रेषा कराचीवरून गेली की विद्यार्थी खूश.

कसारा लोकल आंबिवलीला थांबून गेली म्हणजे गाडीतला प्रत्येक माणूस आंबिवलीला चढला असं होत नाही. रेषा हवेचा रस्ता सांगते. त्या ठिकाणी, त्या वेळी जमिनीवरून धूळ उडाली का आणि हवेची ती रेषा तेव्हा पुरेशी खाली होती का, हे ती सांगत नाही. हिवाळ्यात आपल्याकडे वायव्येचे वारे नेहमीचेच. धूळ न आलेल्या कित्येक दिवसांच्या रेषासुद्धा सिंध-गुजरातवरूनच येतात. तुमच्या गाइडने हे विचारायच्या आधी तुम्हीच त्याच महिन्यातल्या स्वच्छ दिवसांच्या रेषा काढून शेजारी ठेवा. आणि एका उंचीची एकच रेषा कधीच काढू नका. 200, 500, 1500 मीटर अशा वेगवेगळ्या उंचीच्या, वेगवेगळ्या तासांच्या काढा आणि त्या फाकतात की एकत्र राहतात ते बघा.

गाडीत कोण कुठे चढलं हे कळायला स्टेशनवर बघावं लागतं. कराची विमानतळाचे दर अर्ध्या-एक तासाचे हवामान अहवाल उपलब्ध असतात. त्यात दृश्यमानता किती घसरली आणि धुळीची खूण आहे का, ते लिहिलेलं असतं. नासाच्या वर्ल्डव्ह्यू संकेतस्थळावर टेरा आणि ॲक्वा उपग्रहांची त्या दिवशीची खऱ्या रंगातली चित्रं बघा. समुद्राच्या गडद पार्श्वभूमीवर धुळीचा पट्टा चांगला दिसतो, ढग नसले तर. जमिनीवर तो ओळखणं कठीण, कारण कच्छ-सौराष्ट्राची जमीन आणि धूळ एकाच रंगाची. रात्री किंवा अशा जमिनीवर इन्फ्रारेड मोजणी उपयोगी पडते: 11 आणि 12 मायक्रॉन तरंगलांबीला मोजलेल्या तापमानांची वजाबाकी धुळीसाठी सहसा ऋण येते, बर्फाच्या पातळ ढगांसाठी धन.

आणि मेरा-2 सारखी तयार पुनर्विश्लेषण माहिती वापरणार असाल तर तिचा एक चौकोन केवढा असतो ते आधी मोजा. अर्धा अंश अक्षांश, पाच अष्टमांश अंश रेखांश, म्हणजे इथे साधारण 55 बाय 65 किलोमीटर. आंबिवली आणि ठाण्यातला फरक त्यात शोधणं म्हणजे तालुक्याच्या नकाशात आपली चाळ शोधणं.

माझा आवडता पुरावा: टायटॅनियम

वरचं सगळं घरबसल्या होतं. फिल्टरवर जमवलेली खरी धूळ हातात असेल तर आणखी पुढे जाता येतं.

पहिली कल्पना कॅल्शियमची सुचते, कारण पश्चिम आशियाच्या धुळीत कॅल्साइट भरपूर असतं. पण सिमेंटमध्येही कॅल्शियमच असतं! ज्या शहरात दर गल्लीत बांधकाम आहे तिथे नुसत्या कॅल्शियमवर कराची आणि खडकपाडा वेगळे करता येत नाहीत.

इथे आपला दगड मदतीला येतो. कल्याणच्या आसपासचा सगळा कातळ दख्खनचा बेसॉल्ट, काळा पत्थर. आपली खडी त्याचीच, म्हणून काँक्रीटमध्ये तोच, रस्त्यावर झिजून उडणारा तोच, खडीक्रशरची पूडही तीच. या बेसॉल्टमध्ये टायटॅनियम चांगलं असतं: टायटॅनियम डायऑक्साइड बऱ्याच ठिकाणी 2 ते 3 टक्के. पृथ्वीच्या वरच्या कवचाची सरासरी मात्र 0.6 टक्क्यांच्या आसपास, आणि वाळवंटी धूळ ढोबळमानाने या सरासरीच्या जवळ जाते. ॲल्युमिनियम दोन्हींत फार वेगळं नाही. म्हणजे टायटॅनियम भागिले ॲल्युमिनियम हे गुणोत्तर इथल्या धुळीत बाहेरच्या धुळीच्या तीन ते पाच पट असायला हवं. धुळीच्या दिवशी फिल्टरवर हे गुणोत्तर खाली आलं, तर पाहुणे आले आहेत. हवा खराब असूनही गुणोत्तर चढंच राहिलं, तर ती धूळ आपल्या अंगणातली.

2022 च्या त्या दिवशी गाड्यांवरचे ठिपके पांढरट का दिसले, याचाही दुवा इथेच आहे. कल्याणची नेहमीची धूळ काळपट-तपकिरी असते.

मग किती वजा करायचं?

2009 च्या आपल्या मानकांप्रमाणे पीएम 10 ची चोवीस तासांची मर्यादा 100 मायक्रोग्रॅम आहे. जानेवारी 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात शहरांची प्रगती पीएम 10 वरच मोजली जाते. म्हणजे बाहेरच्या धुळीचे काही दिवस शहराचा निकाल बिघडवू शकतात, आणि तेच दिवस शहराला निमित्तही पुरवू शकतात.

युरोपात यावर नियम आहे. 2008 च्या हवाविषयक निर्देशात नैसर्गिक धुळीचा वाटा सिद्ध करून वजा करायची मुभा दिली गेली. स्पेन-पोर्तुगालमध्ये सहाराची धूळ नेहमीच येते, तिथल्या संशोधकांनी पद्धत बसवली: शहरापासून लांबच्या ग्रामीण केंद्रावर त्या दिवशी किती होतं ते बघा, त्यातून तिथल्या आगेमागे महिनाभराच्या धूळ नसलेल्या दिवसांची पातळी वजा करा (त्या दिवसांचा 40 वा पर्सेंटाइल घेतात), उरलं ते आयात.

हे उदाहरण काल्पनिक आकड्यांनी करू. समजा धुळीच्या दिवशी कल्याणला पीएम 10 280 आहे. त्याच दिवशी मुरबाडच्या पुढे, माळशेजच्या पायथ्याला एखाद्या गावात 200, आणि तिथली एरवीची पातळी 70. आयात झाली 130. कल्याणच्या 280 मधून 130 गेले, उरले 150. म्हणजे पाहुण्यांना पूर्ण वजा केल्यावरही मर्यादेच्या दीडपट. ‘आज हवा बाहेरच्या धुळीमुळे खराब आहे’ आणि ‘बाहेरची धूळ नसती तर आज हवा चांगली असती’ ही दोन वेगळी विधानं आहेत, आणि दुसरं वेगळं सिद्ध करावं लागतं.

अशी वजाबाकी करायची तर माळशेजच्या पायथ्यासारख्या जागी मोजणी हवी. आपली केंद्रं शहरांच्या आत आहेत. पार्श्वभूमी मोजणारं एक साधं केंद्र, दिवसाआड बदललेले फिल्टर आणि एक्सआरएफ यंत्रावर थोडा वेळ, एवढ्यात पीएचडीचं एक अख्खं प्रकरण होईल.

वजाबाकी हिशोबापुरती, फुप्फुसांसाठी नाही. वाळवंटाची धूळ ‘नैसर्गिक’ म्हणून दम्याच्या पेशंटला त्रास कमी देत नाही. शिवाय वाटेत तिच्या कणांवर नायट्रेट आणि सल्फेट चढतं. कॅल्साइट तर नायट्रिक आम्लाला पटकन धरतं. आंबिवलीला पोचते तेव्हा ती नुसती कराचीची राहिलेली नसते.

आणि आमच्याकडे हे सगळं आत्ताच महत्त्वाचं का आहे तेही सांगते. 2009 मध्ये बंद पडलेल्या एनआरसीच्या मोहने-आंबिवलीच्या जागेवर सिमेंट ग्राइंडिंग प्रकल्पाचा प्रस्ताव आला. 2025 मध्ये त्याची जनसुनावणी झाली आणि लोकांनी जोरदार विरोध केला. अशा कुठल्याही प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालात ‘सध्याची हवा’ मोजतात ती सहसा पावसाळा सोडून एका ऋतूची, म्हणजे तीन महिन्यांची. या तीन महिन्यांत दोन-तीन वेळा वायव्येची धूळ येऊन गेली तर सरासरी किती सरकते, हे कागदावर काढून बघा. अहवाल हातात पडला की मोजणीच्या तारखा काढायच्या, त्या तारखांना खडकपाड्याचं गुणोत्तर आणि समुद्रावरचं उपग्रह चित्र तपासायचं, आणि धुळीचे दिवस वेगळे काढून सरासरी पुन्हा मांडायची. एका दुपारचं काम आहे, लॅपटॉप आणि इंटरनेट पुरतं.